मल्हारीभाऊंचं नाक

मल्हारीभाऊंच्या उजव्या कानावर कायम एक लाल नळी असायची. उदबत्तीच्या काडीएवढी बारीक, वीतभर लांब. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो ना, तशी. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, माणसाच्या कानाचं काही तरी दुखणं असेल. विचारलं तर म्हणाले, "दुखणं मशीनचं हाय ताई. नळी तेवढी माझी."

क्रांती चौकातून आत वळलं की आमचं थेटर. एकच पडदा, एकच बाल्कनी, आणि कटकट करायला मालकही एकच. मी तिकीटखिडकीवर बसते. आमचे हे शेंद्र्याला कंपनीत जातात, पोरं मोठी झाली, घरी बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा इथं लोकांशी भांडलेलं बरं म्हणून मी ही नोकरी धरली. मल्हारीभाऊ वर केबिनमध्ये ऑपरेटर. फिल्मची रिळं होती तेव्हापासून ते तिथं होते, रिळं जाऊन डिजिटल मशीन आलं तरी तेच होते. मागच्या उन्हाळ्यात ते गावी वारले. त्यांचं शिक्षण किती, लग्न कधी झालं, असलं काही मला विचारू नका. मला त्यांचं नाक ठाऊक आहे, आणि ते नाक गेल्यावर काय झालं ते ठाऊक आहे. तेवढंच सांगते.

ती लाल नळी काँटॅक्ट क्लीनरच्या डब्याची. डासांच्या फवाऱ्यासारखा डबा असतो, त्याच्या तोंडाला ही नळी लावायची आणि दाबायचं. मशीनमध्ये जिथं जिथं वीज एका धातूवरून दुसऱ्या धातूवर जाते, म्हणजे स्विच, प्लग, फ्यूज, त्या जागा काळ्या पडतात. धूळ बसते, दमट हवेनं कीट चढतं. "कार्बन धरला" म्हणायचे ते. कार्बन धरला की वीज अडते, मशीन हट्टी पोरासारखं मध्येच फतकल मारून बसतं. या डब्यातलं पातळ औषध कीट धुऊन काढतं आणि आपलं आपण उडून जातं. मल्हारीभाऊ त्याला औषधच म्हणायचे. नळी सगळ्यांची हरवते, डबा राहतो आणि मग माणूस नुसताच सगळीकडे फवारत बसतो. म्हणून यांची नळी कानावर.

शुक्रवारी नवं पिक्चर लागतं, म्हणून गुरुवारी सकाळी पहिल्या खेळाच्या आधी मशीनची आंघोळ. आधी मेन स्विच बंद. लँप गार. मग ब्रश, मग औषध. आणि मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते औषध पेट घेतं, आणि मशीनमधला लँप पेटतो तोच मुळी ठिणगीनं. आत वाफ कोंडलेली असताना ठिणगी पडली तर लँप, मशीन आणि ऑपरेटर, तिघांचा निकाल एकदमच. "वास हाय तवर करंट नाय," हे त्यांचं वाक्य. मी एकदा म्हटलं, घड्याळ लावून थांबा की. तर म्हणाले, "घड्याळाला काय कळतं? उन्हाळ्यात फटकन उडतं, पावसाळ्यात बसून राहतं. नाकाला इचारावं."

आणि नाक कसलं हो ते! नाकाचा अभिमान तर असा की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. त्यांचं घराणं मेंढरांचं, फर्दापूरच्या बाजूचं. मेंढी आपलं पिल्लू डोळ्यानं ओळखत नाही, हुंगून ओळखते, हे त्यांनी मला निदान पन्नासदा सांगितलं असेल. वर म्हणायचे, "आमच्यात माणसंबी तशीच. माझा बाप अंधारात हुंगून सांगायचा, कोणत्या मेंढीला ताप हाय." मी म्हणायचे, "आणि तुम्ही?" तर म्हणायचे, "मी तुमच्या डब्यात आज काय हाय ते जिन्यावरूनच सांगतो." आणि सांगायचे. वांग्याला कारळ्याची चटणी लावली आहे इथपर्यंत. नाकानं कांदे सोलणारा माणूस म्हणतात ना, तो हाच. पण कांदे खरंच सोलले जायचे, त्यामुळं बोलता यायचं नाही.

केबिनमध्ये मात्र कुणाला थारा नाही. चपला बाहेर, तंबाखू बाहेर, आणि शक्यतो माणूसही बाहेर. एकदा ते गावी गेलेले असताना मालकांनी बोलावलेल्या वायरमननं केबिनच्या बोर्डात गंज सोडवायचं तेल मारलं. तेलावर धूळ चिकटली आणि महिन्याभरात स्विचांत चिखल झाला. मल्हारीभाऊ आल्यावर त्यांनी त्या वायरमनला जिन्यावर गाठलं. "अरे बाबा, ती लोखंडाची मालिश हाय. मला तांब्याची आंघोळ पायजे. मालिश करून धुळीत लोळवलंस माझ्या लेकराला!" वायरमन चांगला माणूस होता, पुढं तोच त्यांच्याकडून नळी मागून न्यायचा. मिळायची नाही ती गोष्ट वेगळी.

या थेटरात एक प्रथा आहे. नवं पिक्चर लागलं की पहिल्या खेळाआधी मशीनची पूजा. मालकांच्या आई, त्यांना सगळे माई म्हणतात, स्वतः जिना चढून यायच्या. नारळ, उदबत्ती, आणि मशीनला हळदकुंकवाची बोटं. दसऱ्याला तर झेंडूची माळ. मल्हारीभाऊ देवभोळे होते, जेजुरीला जाऊन यायचे, पण माई कुंकवाची कोयरी उघडायच्या तेव्हा त्यांचं तोंड दात काढायला बसवल्यासारखं व्हायचं. एका दसऱ्याला माईंनी भक्तिभावानं लँपच्या दाराला मळवटच भरला. त्या दाराला आत एक छोटं बटण असतं. दार नीट लागलं नाही असं त्या बटणाला वाटलं, तर लँप पेटतच नाही. कुंकू गेलं त्या बटणात. बाहेर हाऊसफुल्ल, आणि आत मशीन म्हणतंय, दार उघडं आहे, दार लावा.

मी मालकांचा निरोप सांगायला वर गेले होते, दारातून पाहिलं. मल्हारीभाऊंनी मेन स्विच बंद केला, ब्रश फिरवला, कानावरची नळी डब्याला लावली आणि बटणावर औषध सोडलं. खाली धरलेल्या पांढऱ्या फडक्यावर लालभडक ओघळ आले. माई म्हणाल्या, "अरे देवा, रक्त आलं की काय!" मल्हारीभाऊ म्हणाले, "रक्त नाय माई, तुमची भक्ती हाय. लई झाली."

माई रुसल्या. सरळ घरी निघून गेल्या. आता माईंना दुखवून त्या थेटरात कोण टिकणार? पाण्यात राहून माशाशी वैर. मल्हारीभाऊंनी दोन दिवस विचार केला आणि मग एक जुनं, रिकामं फिल्मचं चाक गोदामातून काढलं, घासून लख्ख केलं आणि केबिनच्या दारावर बाहेरून ठोकलं. माईंना बोलावून आणलं. "माई, मशीन काय, ह्या चाकाच्या पोटचं हाय. आज हे, उद्या दुसरं. पण हे चाक थोरलं. बापाला कुंकू लावा, पोराला पोचतं." माईंना पटलं. तेव्हापासून पूजा त्या चाकाची. आज त्यावर कुंकवाचा असा थर आहे की चाकाचं लोखंड शोधावं लागतं.

पण नाक चुकायचंही. हिवाळ्यातली गोष्ट. पिक्चर ऐन रंगात, खलनायकाच्या कानाखाली आता बसणार, आणि पडदा काळा. शिट्ट्या, आरडाओरडा. मल्हारीभाऊ धावत जिना उतरले. "वायर जळायली! वास येतो मला!" गेटवरचे युसुफचाचा आणि मल्हारीभाऊ दोघं अख्ख्या बाल्कनीतून हुंगत फिरले. लोक आपले पाय वर घेऊन बसलेले. शेवटी एका खुर्चीखाली पिशवी सापडली. एक शेतकरी गृहस्थ शेतातून परस्पर आलेले, सोबत आगटीत भाजलेला हुरडा, राखेसकट, अजून ऊन. युसुफचाचा डोक्याला हात लावून म्हणाले, "मल्हारी, ये वायर है? इसको तो नमक लगा के खाते!" मल्हारीभाऊंनी माफी वगैरे काही मागितली नाही. मूठभर हुरडा घेतला, तोंडात टाकला, "कवळा हाय" म्हणाले आणि वर जाऊन पिक्चर सुरू केलं. मालकांनी मात्र ती गोष्ट मनात ठेवली. पुढं कितीदा तरी "तुमचं हुरड्याचं नाक" म्हणून टोमणा मारायचे.

मग कोरोना आला. थेटर बंद. दुसऱ्या लाटेत मल्हारीभाऊ आजारी पडले, घाटी दवाखान्यात राहिले, बरे होऊन आले. थेटर उघडलं तेव्हा निम्मे झालेले, पण कानावर नळी होती. मला बरं वाटलं. मशीनला मात्र इतके दिवस बंद राहून सगळीकडे कीट चढलं होतं, रोज काही ना काही रुसायचं. मालक नवीन विचारांत होते. आता म्हणे पिक्चर खालच्या ऑफिसातून कॉम्प्युटरवर लावता येतं, वर माणूस कशाला? बाहेरची कंपनी वर्षातून एक-दोनदा येऊन सफाई करून जाईल. त्यातच कुठल्याशा गावी एका थेटराला आग लागल्याचं ऐकलं, आणि मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "केबिनमध्ये तो पेटणारा स्प्रे वापरायचा तर माणूस शंभर टक्के फिट पाहिजे. नाही तर केबिनला कुलूप." मल्हारीभाऊ म्हणाले, "मला काय धाड भरली?" पण त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि त्याच दिवसांत एक नवल झालं. ज्या केबिनमध्ये आम्हाला उंबरा ओलांडायची बंदी, तिथून मला चहाचं आमंत्रण. दर गुरुवारी सकाळी. "ताई, या वर. चहा टाकलाय." केबिनबाहेरच्या कोपऱ्यात त्यांची शेगडी होती, चहा उकळला की ती विझवून मगच ते औषध मारायचे. मी जायचे. दारातूनच नाकाला पदर लावायचे, कारण माझं नाकही काही कमी नाही, आणि जीभ तर त्याहून नाही. "अगं बाई, काय हा वास! माणसं राहतात का इथं!" मल्हारीभाऊ नुसते हसायचे. "बसा. घरचे कसे हायेत? शेंद्र्याला ओव्हरटाइम चालूच का?" इकडचं तिकडचं विचारत राहायचे. चहा कधी गुळमट, कधी आल्यानं घसा सोलणारा, कसाही. मी आपली तोंड वेंगाडत प्यायचे. आणि केव्हा तरी विचारायचे, "आता वास कमी झाला ना?" मी म्हणायचे, "हं, आता बरं वाटतंय." की हे उठायचे आणि मेन स्विच लावायचे.

मला काही शंका आली नाही. म्हातारपणी माणसाला बोलायला कुणी तरी लागतं, असं मीच घरी सांगितलं होतं. मग एका गुरुवारी चहा आला. मी कप तोंडाशी नेला आणि तिथंच थांबले. दूध नासलेलं. नुसतं नासलेलं नाही, आंबून गेलेलं, वरून साखर घालून फोडणी दिल्यासारखं. मी तोंड वर केलं तर मल्हारीभाऊ आपला कप बशीत ओतून भुरके मारत होते. अर्धा संपला होता.

"मल्हारीभाऊ, दूध नासलंय की हो!"

त्यांचा हात थांबला. बशीत पाहिलं. बशीत चोथा दिसत होता, पण दिसत होता तेवढाच. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला सगळं एकदम कळलं. दर गुरुवारचा चहा, दर गुरुवारची चौकशी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दवाखान्यातनं आलो तवापासून," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, वास येईल हळूहळू. नाय आला. मोगरा नाय, मेंढरू नाय, काहीच नाय. जेवायला बसलो की कागद खाल्ल्यागत."

खरं सांगू? मला रडू यायला पाहिजे होतं, पण आधी रागच आला. "म्हणजे मी चहासाठी म्हणून येत होते, आणि तुम्ही मला नाक म्हणून बोलवत होतात? आवळा देऊन कोहळा काढलात की!"

"चहा तर दिला ना," मल्हारीभाऊ म्हणाले.

"असला?"

मग ते हसले, मी हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "मालकाला सांगू नका ताई. गावाकडं मेंढरं राहिली नाहीत. दुसरं मला काही येत नाय. आणि ह्या केबिनीत मला कुणी आणून सोडलं नाय, मी माझ्या पायानं आलो. जाईन तर माझ्या पायानं जाईन." मी शब्द दिला. एका अटीवर. म्हटलं, मग मला नीट शिकवा. नाक व्हायचं तर अर्धवट होणार नाही मी.

आणि शिकवलं त्यांनी. केबिनीत कुणाला न घेणारा माणूस मला गुडघ्यावर बसवून शिकवत होता. हे औषध हवेपेक्षा जड, त्याची वाफ वर जात नाही, खाली साचते, लँपच्या पेटीच्या तळाशी. उभ्यानं हुंगून म्हटलं "गेला" तर फसलात. "वरचा वास लबाड. वाकून बघा. खालचा वास खरा." आधी तो नाकात झोंबतो, मग गोडसर होतो, मग नुसता गार लागतो, आणि मग काही नाही. त्या "काही नाही" वरही ते विश्वास ठेवायचे नाहीत. "अजून एकदा वाका," म्हणायचे. साडी सावरत मी वाकायचे. कंबर धरायची. मी म्हणायचे, तुमच्या नाकापायी माझी कंबर चालली. ते म्हणायचे, "तुमची कंबर गेली तर मी धुणं धुतो तुमचं." असं बरंच चाललं होतं. चांगलं चाललं होतं.

एका मोठ्या पिक्चरचा शुक्रवार आला. दुपारचाच खेळ, दारात रांग, चौकापर्यंत गाड्या. माईंची पूजा झाली, चाकाला कुंकू लागलं, आणि मशीन सुरूच होईना. लँपच्या दाराचं तेच जुनं बटण. मल्हारीभाऊंनी करंट बंद करून औषध मारलं. एकदा, दोनदा, बटण दाद देईना तसं पुन्हा. आणि त्याच दिवशी मला अशी सर्दी झाली होती की डोक्यात खलबत्ता चाललेला. दोन्ही नाकपुड्या गच्च. तरी मी वर गेले. वाकले. काही नाही. पण ते "काही नाही" त्या वासाचं होतं की माझ्या नाकाचं, कोण जाणे! मी नाकाला हात लावून मल्हारीभाऊंकडे बघत नकाराची मान हलवली. त्यांना कळलं.

तेवढ्यात मालक आले. खाली शिट्ट्या चालू होत्या, त्या वरपर्यंत येत होत्या. मालक अत्तराचे शौकीन. ते जिन्यावर आले की सगळं थेटर शहागंजातलं अत्तराचं दुकान होतं. त्यांना स्वतःच्या अत्तरापलीकडे काही वास येणं शक्यच नव्हतं.

"झालं का भाऊ?"

"बटण झालं. पण थांबावं लागतं. वास हाय अजून."

"कुठं आहे वास? मला तर येत नाही. ताई, तुम्हाला येतो?"

मी म्हटलं, मला सर्दी आहे.

"पब्लिक खुर्च्या तोडेल आता. तुमचं ते हुरड्याचं नाक ठेवा बाजूला. चालू करा."

"नाय मालक. थांबा."

"सरका, मी करतो," म्हणत मालकांनी मेन स्विचकडे हात नेला.

मल्हारीभाऊंनी तो हात धरला. मालकाचा हात. मनगटाला, घट्ट. मला ते अजून दिसतं. आणि म्हणाले, "मालक, मला वास येतच नाय. कोरोनापासून माझं नाक मेलंय. आत वाफ हाय का नाय, मला ठाव नाय. आपल्या तिघांत कुणालाच ठाव नाय. म्हणून हात लावू नका."

मालकांनी हात मागं घेतला. मी जिन्यावर जाऊन युसुफचाचांना हाक मारली. चाचा आले, काय करायचं ते विचारत विचारतच लँपच्या पेटीपाशी वाकले आणि खोकत खोकत मागं पडले. "या अल्ला! ये तो पूरा भरा पड़ा है! आग लगानी है क्या?"

एक्झॉस्ट पंखा वेगळ्या लाइनवर, तो फिरत होता. चाचा मध्ये मध्ये वाकत राहिले, आणि "अब नहीं है" म्हणाले तरी मल्हारीभाऊंनी त्यांना अजून एकदा वाकवलं. मग लँप लागला. पिक्चर उशिरा सुरू झालं, दोन-चार खुर्च्यांचे हात तुटले, बाकी काही झालं नाही.

मालक वाईट माणूस नाही. त्यांनी सगळ्यांदेखत मल्हारीभाऊंचे हात हातात घेतले, "तुम्ही नसता तर" असं काही तरी म्हणाले. आणि त्याच तोंडानं, दोन दिवसांनी, केबिनची किल्ली मागितली. म्हणाले, गेटवर बसा, तिकिटं फाडा, पगार तोच. मल्हारीभाऊंनी किल्ली दिली. म्हणाले, "मेंढरं राखणाऱ्याला कुत्र्याची जागा देता का मालक?" पण रागानं नाही म्हणाले. हसत म्हणाले. मला संताप आला होता. खरं बोलला म्हणून माणूस घरी, आणि बोलला नसता तर सगळेच घरी, असला हिशेब. मी मालकांना तसं तोंडावर बोललेही. मालक म्हणाले, "बरोबर आहे ताई. पण उद्या परत तेच झालं तर?" हे मल्हारीभाऊंना आधीच कळलं होतं, म्हणून तर ते हसत होते.

मग प्रश्न आला, गुरुवारची आंघोळ कोण घालणार? कंपनीचा माणूस वर्षातून दोनदा येणार, चांगला हुशार माणूस आहे, पण कीट काही त्याची वाट बघत थांबत नाही. मी म्हटलं, मी घालते. मालक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू तिकीटखिडकीच बोलली. मल्हारीभाऊ मात्र म्हणाले, "व्हय, ताई करतील. त्यांना वाकता येतं." आणि कानावरची नळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली नाही. कुणाला वाटेल दिली असेल. नाही दिली. म्हणाले, "डब्याबरोबर नवी येते, ती ठेवा. ही माझी हाय." आणि त्याच पायांनी जिना उतरून गावी निघून गेले.

त्यानंतर ते एकदाच आले. पावसाळा संपत आला होता, गुरुवारच होता. काही कामासाठी गावाहून आले असावेत, हातात पिशवी होती. मी केबिनमध्ये होते, औषध मारून झालं होतं, थांबले होते. पायऱ्यांवर चाहूल लागली म्हणून पाहिलं तर दारात मल्हारीभाऊ. चपला जिन्यावर काढलेल्या. कानावर नळी. आत या म्हटलं तर आले नाहीत. चाकाला हात लावून नमस्कार केला, बोटाला लागलेलं कुंकू कपाळाला लावलं आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"वाकलात का?"

"वाकले."

"अजून एकदा वाका."

वाकले. लँपच्या पेटीच्या तळाशी नाक नेलं. काही नव्हतं. मागं वळून पाहिलं तर मल्हारीभाऊ डोळे मिटून, मान वर करून, छाती भरून श्वास घेत होते. लांबलचक. जुन्या सवयीनं घेतला असेल, की अजून आशा होती, मी विचारलं नाही. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गेला?"

"गेला."

"मग लावा."

मी मेन स्विच लावला. लँप पेटताना ठक्कन आवाज होतो, तो झाला. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली. मी म्हटलं, मल्हारीभाऊ, चहा टाकते, घेऊन जा.

ते शेगडीपाशी बसले. म्हणाले, "टाका. पण दूध तेवढं तुम्ही हुंगून घ्या."